दारातला लोडर आणि सातबाऱ्यावरचा बोजा



गेल्या तालुका बैठकीत ठराव संपले, चहा आला आणि मागच्या रांगेतले एक दूधवाले भाऊ उठून उभे राहिले. वीस जनावरांचा त्यांचा मुक्त गोठा. म्हणाले, "दादा, डीलरचा माणूस महिनाभर दारात येऊन बसतोय. बुटका लोडर घ्या म्हणतो. कर्जाचे कागदही तोच करून देतो म्हणतो. घेऊ का नको, एका शब्दात सांगा." एका शब्दात कोणालाच सांगता आले नाही. एकजण म्हणाला, घेऊन टाका, गडी मिळत नाहीत. दुसरा म्हणाला, त्यापेक्षा जेसीबी घ्या, गावात भाड्याने तरी चालेल. तिसरा म्हणाला, दोन्ही नको, शेजारच्या गावात एकाचा ओढून नेलाय. अर्धा तास बैठक त्यावरच रंगली. शेवटी त्या भाऊंच्या शेजारी बसलेल्या वहिनी बोलल्या, "तुमचा हिशेब सावकाश होऊ द्या. तोवर शेणाच्या पाट्या माझ्याच डोक्यावर आहेत."

सभा हसली आणि मग गप्प झाली. त्याच वेळी ठरवले की या अंकाचे संपादकीय याच प्रश्नावर लिहायचे. भाव, निर्यातबंदी, वीजबिल हे आपले नेहमीचे विषय आहेत. पण ज्या निर्णयापायी सातबाऱ्यावर आठ-दहा वर्षांचा बोजा चढतो, तो निर्णय चहाच्या कपावर सोडून चालणार नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. यंत्राला आपला विरोध नाही, कधीच नव्हता. शेतकऱ्याने बैलामागेच चालावे आणि त्याच्या बायकोने डोक्यावर शेण वाहावे, यात ज्यांना संस्कृती दिसते ते लोक स्वतःच्या घरची भांडी यंत्रात धुतात. नवे तंत्र निवडण्याचा हक्क शेतकऱ्याचा आहे. पण निवडण्याचा हक्क म्हणजे डीलरने दाखवलेले यंत्र घेण्याचा हक्क नव्हे. आधी निवड, मग खरेदी. आणि निवड करायची तर हिशेब आला.

यंत्र जन्मले ते खुराड्यात

ज्याला कंपनीवाले स्किड स्टिअर लोडर म्हणतात आणि पुष्कळ ठिकाणी नुसते बॉबकॅट म्हणतात, ते यंत्र मुळात शेतकऱ्याच्याच गरजेतून निघाले. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉथसे या खेड्यात सिरिल आणि लुई केलर या दोघा भावांचे लोहारकामाचे आणि दुरुस्तीचे दुकान होते. जवळच्या एका टर्कीपालकाची अडचण अशी की पक्ष्यांच्या शेडमधली घाण काढायला ट्रॅक्टर आत वळत नाही. मध्ये खांब आहेत, वरच्या मजल्यावर जड यंत्र चढवता येत नाही, आणि फावड्याने काढायला माणसे मिळत नाहीत. केलर बंधूंनी १९५७ साली त्याला तीन चाकांचा एक हलका लोडर करून दिला. पुढची दोन चाके स्वतंत्रपणे फिरणारी, मागे एक छोटे फिरते चाक. जागच्या जागी गिरकी घेई. १९५८ साली नॉर्थ डाकोटातल्या मेलरो कंपनीने त्याचे हक्क घेतले, १९६० साली त्याला चौथे चाक आले आणि १९६२ साली बॉबकॅट हे रानमांजराचे नाव मिळाले.

ही कथा सांगायचे कारण एवढेच की यंत्राचा स्वभाव त्याच्या जन्मात दिसतो. हे यंत्र नांगरटीसाठी जन्मले नाही, विहीर खणायला जन्मले नाही. छपराखाली, खांबांच्या मधून, अरुंद जागेत, कडक जमिनीवर ढीग उचलून बाहेर टाकायला ते जन्मले. हे रानाचे यंत्र नव्हे, वाड्याचे आणि खळ्याचे यंत्र आहे. हे एक वाक्य ध्यानात ठेवले तरी निम्मा हिशेब सुटतो.

त्याचे कारणही समजून घ्यावे. या लोडरची चाके मोटारीसारखी वळत नाहीत. डाव्या बाजूची दोन चाके एका पंपावर, उजव्या बाजूची दुसऱ्या पंपावर. डावी पुढे आणि उजवी मागे फिरवली की यंत्र जागच्या जागी घसटत वळते. फरशीवर, कोब्यावर, दाबलेल्या मुरुमावर हे झकास चालते. पण पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात त्याने दोन गिरक्या घेतल्या की जमीन खरवडून निघते, चाके रुततात आणि मग त्याला ओढायला ट्रॅक्टर आणावा लागतो. वळणे हेच घासणे असल्यामुळे टायरही लवकर झिजतात. बाभळीच्या काट्यांच्या रानात तर बोलायलाच नको.

तीन यंत्रे, तीन कामे

आपल्यापुढे खरे तर तीन वाटा आहेत आणि तिन्हींची गल्लत होते.

पहिली वाट जेसीबीची. १९७९ साली ही इंग्रज कंपनी भागीदारीत हरियाणातल्या बल्लभगडला आली आणि आज तिचे नाव कोणत्याही खोदणाऱ्या यंत्राला चिकटले आहे. पुढे बकेट आणि मागे खोदणारा हात असलेले हे यंत्र चर काढते, पाइपलाइन गाडते, शेततळे खणते, बांध घालते, दगड उपटते. पण ही कामे एका शेतकऱ्याला वर्षातून किती दिवस असतात? सात-आठ टनांचे हे धूड गोठ्यात शिरत नाही आणि ओल्या रानात फिरवले तर जमीन दाबून टाकते. ज्याला ठेकेदारीचा धंदा करायचा आहे त्याने ते जरूर घ्यावे, पण धंदा म्हणून घ्यावे. शेतीसाठी म्हणून घेतलेला जेसीबी बहुतेक वेळा दुसऱ्याच्या शेतात राबतो, आणि निवडणुकीत पुढाऱ्यावर गुलाल आणि फुले उधळतो. त्या गुलालाच्या तासाचे पैसे कोण देतो, हे मालकाला विचारून पाहा.

दुसरी वाट आपल्याच ट्रॅक्टरला पुढे लोडर जोडण्याची. ट्रॅक्टर दारात आहेच, वर्षातले कित्येक दिवस तो उभा असतो. लोडरची किंमत नव्या यंत्राच्या मानाने थोडी. खोट अशी की ट्रॅक्टरला वळायला जागा लागते, भरलेली बकेट पुढे आल्यावर सगळा भार पुढच्या आसावर येतो, आणि सारखे पुढे-मागे करताना क्लच झिजतो. म्हणून पॉवर स्टिअरिंग नसलेल्या, पुढचा आस हलका असलेल्या जुन्या ट्रॅक्टरला लोडर जोडू नये. जोडला तर मागे पुरेसे वजन बांधावे, नाहीतर मागची चाके उचलली जातात.

तिसरी वाट बुटक्या लोडरची. तो अंदाजे अडीच-तीन टनांचा, पाच-साडेपाच फूट रुंद. मुक्त गोठ्याचे अंगण खरवडणे, मुरघासाच्या खड्ड्यातून चारा काढणे, कोंबड्यांची बॅच निघाल्यावर शेडमधले तुसाचे खत उपसणे, कारखान्याच्या प्रेसमडचा ढीग ट्रॉलीत भरणे, पोत्यांची थप्पी हलवणे: या कामांत त्याचा हात धरणारे दुसरे यंत्र नाही. पण गव्हाणींच्या दोन ओळी आणि मध्ये चार फुटांची वाट असलेल्या जुन्या गोठ्यात तोही शिरत नाही. अशा ठिकाणी आधी गोठा बदलावा लागेल आणि तो खर्च यंत्राच्या किमतीत धरावा लागेल.

तासांचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. यंत्राची किंमत लाखांत सांगितली जाते आणि हप्ता महिन्यात. दोन्हींनी डोळे दिपतात. शेतकऱ्याने किंमत तासात मोजावी. पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे आकडे घालून पाटीवर मांडावेत.

समजा, लोडर सगळे धरून २० लाखांना पडला. आठ वर्षे वापरला आणि ६ लाखांना विकला. म्हणजे वर्षाचा घसारा १ लाख ७५ हजार. पैसा सरासरी १३ लाख गुंतून राहिला. त्यावर ११ टक्क्यांनी व्याज १ लाख ४३ हजार. पैसा कर्जाचा नसून स्वतःचा असला तरी व्याज धरायचेच, कारण तो बँकेत ठेवला असता तर त्यानेही काही मिळवले असते. विमा, शेड, कागदपत्रे मिळून ४० हजार. एकूण ३ लाख ५८ हजार रुपये. यंत्राने एकही पाटी शेण उचलले नाही तरी हा खर्च चालूच.

आता चालल्यावरचा खर्च. तासाला ५ लिटर डिझेल, ९२ रुपयांनी ४६० रुपये. ड्रायव्हरचे १५०. तेल, फिल्टर, टायर, दुरुस्ती यांचे २५०. एकूण तासाला ८६० रुपये.

म्हणजे वर्षात हजार तास काम असेल तर तास पडतो १,२१८ रुपयांना. तीनशे तास असेल तर २,०५३ रुपयांना. आपल्या बैठकीतल्या भाऊंच्या गोठ्यात रोज अर्धा तास धरला तर वर्षाचे होतात सुमारे १८० तास, आणि तास पडतो २,८४९ रुपयांना! गावात भाड्याचे यंत्र तासाला १,५०० रुपयांनी मिळते असे धरले, तर वर्षाला सुमारे ५६० तास काम असल्याशिवाय स्वतःचे यंत्र परवडत नाही.

अजून खोलात जाऊ. जनावरामागे रोज १५ किलो शेण धरले तर वीस जनावरांचे होते ३०० किलो. या लोडरच्या एका बकेटमध्ये अंदाजे ४०० किलो ओले शेण मावते. म्हणजे अख्ख्या गोठ्याचे एका दिवसाचे शेण एका बकेटमध्ये बसते! अंगण खरवडणे आणि मुरघास काढणे धरून अर्धा तासही आम्ही सढळ हाताने धरला आहे.

आणि हा खर्च शेवटी कुठून निघणार? दुधातून. वीसपैकी बारा गाई दुधात, सरासरी दहा लिटर, म्हणजे वर्षाला ४३,८०० लिटर दूध. यंत्राचा वर्षाचा खर्च ५ लाख १२ हजार ८०० रुपये. लिटरमागे जवळजवळ पावणेबारा रुपये नुसते शेण उचलायला! पेंड, चारा, डॉक्टर, घरच्या माणसांची मजुरी हे सगळे अजून बाकीच आहे. दूध संघ लिटरमागे एक रुपया कमी करतो तेव्हा आपण रस्त्यावर उतरतो, आणि उतरायलाच हवे. पण पावणेबारा रुपयांची ही कपात आपण स्वतःच्या सहीने स्वतःवर ओढवून घेणार असू तर मोर्चा कोणाच्या दारात न्यायचा?

हेच काम ट्रॅक्टरच्या लोडरने केले तर? लोडर अडीच लाखांना घेतला, आठ वर्षांनी ५० हजारांना विकला. घसारा आणि व्याज मिळून वर्षाचे ४१,५०० रुपये. ट्रॅक्टरचे डिझेल, ड्रायव्हर आणि झीज धरून तास पडतो सुमारे हजार रुपयांना. लिटरमागे चार रुपयांच्या आसपास. काम थोडे सावकाश होईल, पण घर मोडणार नाही.

चौघांचा एक लोडर

मग बुटका लोडर शेतकऱ्याने घ्यायचाच नाही काय? असे नव्हे. असे चार गोठे एका वस्तीवर असतील तर तास होतात ७२० आणि तास पडतो १,३५७ रुपयांना. भाड्यापेक्षा स्वस्त. त्यात पोल्ट्रीच्या शेडची कामे मिळाली, प्रेसमड भरण्याचे काम मिळाले, तर आणखी उतरतो. वस्तीवरच्या चार-पाच घरांनी मिळून, किंवा शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीने हे यंत्र घेणे हाच त्याचा खरा मार्ग आहे.

पण भागीदारी म्हटली की भांडण आलेच, असे म्हणणारे खोटे बोलत नाहीत. म्हणून चार गोष्टी यंत्र येण्याआधी कागदावर घ्याव्यात. पाळी कोणाची आधी आणि कोणाची नंतर, आणि दर महिन्याला ती बदलायची. पैसे तासावर, यंत्राच्या तासमीटरवरून, ओळखीवर नाही. चालवणारा एकच, शिकलेला, ठरल्या पगाराचा. ज्याच्या पोराला हौस त्याच्या हाती यंत्र नाही. आणि दुरुस्तीसाठी तासामागे ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात, पहिल्या दिवसापासून.

पाचवी गोष्ट धुण्याची. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाणारे यंत्र चाकांच्या शेणाबरोबर रोगही नेते. लाळ्या खुरकूत अशीच पसरू शकते. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा कोंबडीवाल्यांवर काय वेळ आली, ते आपण पाहिले आहे. बकेट आणि चाके धुऊन, जंतुनाशक मारूनच यंत्र दुसऱ्याच्या आवारात शिरेल, हा नियम मोडणाऱ्याची पाळी रद्द. शिवाय हे यंत्र रस्त्यावरून लांब पळवायचे नाही. चाल धिमी, स्प्रिंग नाहीत. दूर न्यायचे तर गाडीवर चढवून न्यावे लागते. म्हणून भागीदार जवळचे हवेत.

डीलरला काय विचारावे

घ्यायचे ठरलेच तर चकचकीत पत्रकाऐवजी पुढचे प्रश्न हातात ठेवा.

पहिला: यंत्र किती वजन बेताने उचलते? चाकांच्या लोडरला जेवढ्या वजनाने तो पुढे कलंडतो त्याच्या निम्मे वजन हे त्याचे चालते वजन धरतात. पत्रकातला मोठा आकडा कोणता, कलंडण्याचा की चालता, हे विचारा. शेणखताला ६००-७०० किलो चालत्या वजनाचे यंत्र पुष्कळ झाले. त्याहून मोठे घेणे म्हणजे डिझेल पाजणे.

दुसरा: उचल कशी आहे? बकेट अर्धवर्तुळात वर जात असेल तर खरवडायला आणि ट्रॉली भरायला उत्तम. उंच ट्रक रोज भरायचे असतील तरच सरळ वर जाणारी उचल घ्या. तिला जास्त पैसे पडतात.

तिसरा: आपल्या गोठ्याचे फाटक, छपराची उंची आणि वळायची जागा टेपने मोजून न्या आणि यंत्र मागवण्याआधी ते आपल्याच आवारात चालवून दाखवायला सांगा. जो दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

चौथा: बिघडले तर माणूस किती तासांत येईल आणि सुटे भाग कुठून येतील? हायड्रॉलिकचा पाइप फुटला की यंत्र जागच्या जागी बसते. गावच्या मिस्त्रीला ट्रॅक्टर कळतो, हे पंप कळत नाहीत. शंभर मैलांवरच्या सर्व्हिस सेंटरच्या भरवशावर रोजचे शेण सोडता येत नाही.

पाचवा: रेडिएटर उघडून धुता येतो का? भुसा, तूस आणि पिसे त्यात अडकून इंजिन तापते. हे काम रोजचे आहे. ज्याला ते अवघड त्याचे इंजिन लवकर जाते.

सहावा, जुने यंत्र घेणाऱ्यांसाठी: तासमीटरवर विश्वास ठेवू नका, तो फिरवता येतो. बकेटच्या पिना आणि बुश हाताने हलवून पाहा. बकेट भरून वर धरा, इंजिन बंद करा आणि ती आपोआप खाली उतरते का ते पाहा. पायाखालचे पेडल आणि लिव्हर किती गुळगुळीत झिजले आहेत ते पाहा. मीटर खोटे बोलेल, पेडल बोलणार नाही.

आणि सातवा, सर्वांत मोठा: कर्जाला तारण काय? नुसते यंत्र की सातबाराही? ज्या कागदावर सातबाऱ्याचा गट नंबर लिहिला आहे, त्यावर घरातल्या बाईने वाचून, समजून घेतल्याशिवाय सही होऊ नये. १९८६ साली चांदवडला शेतकरी बाया जमल्या त्या भाषणे ऐकायला नव्हे. घरचा हिशेब बायकांच्या समोर मांडला जात नाही तोवर तो पुरा होत नाही, हे तेव्हापासूनचे आपले म्हणणे आहे.

माणसे मारू शकणारे यंत्र

एक इशारा हिशेबापेक्षाही महत्त्वाचा. या यंत्रात बसायची वाट पुढून, बकेटवरून आहे आणि उचलणारे हात दोन्ही बाजूंनी वर जातात. बकेट वर असताना उतरायला जाणारा किंवा वर केलेल्या हातांखाली वाकून दुरुस्ती करणारा माणूस चिरडला जाऊ शकतो. म्हणून बकेट जमिनीला टेकवल्याशिवाय उतरायचे नाही. दुरुस्तीला हात वर ठेवावेच लागले तर कंपनीचा आधार लावल्याशिवाय खाली जायचे नाही. पट्टा आणि मांडीवरचा दांडा अडचण वाटतो म्हणून काढून टाकायचा नाही.

चढावर जड बाजू नेहमी वरच्या अंगाला ठेवावी. बकेट भरलेली असेल तर तोंड चढाकडे, रिकामी असेल तर पाठ चढाकडे, कारण इंजिन मागे असते. भरलेली बकेट जमिनीलगत ठेवून चालावे. मागे काय आहे ते ड्रायव्हरला नीट दिसत नाही. पोरेबाळे आवारात असताना यंत्र चालू करू नये. बकेटमध्ये माणूस बसवू नये, मग तो नवरदेव असो की निवडून आलेला सरपंच. बंद पोल्ट्री शेडमध्ये पडदे उघडल्याशिवाय इंजिन चालवू नये. धुराचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही.

सरकारच्या दप्तरी शेतकरी कुठे?

आता आपल्या हातात नसलेल्या गोष्टीकडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. चांगले झाले. पण हा बुटका लोडर सरकारच्या यादीत शेतीचे यंत्र नाही. माती उपसणाऱ्या यंत्रांच्या रांगेत तो बसतो. त्या रांगेवर २०१७ साली आधी २८ टक्के कर होता, त्याच वर्षी नोव्हेंबरात तो १८ टक्क्यांवर आणला, आणि तिथेच तो आहे. जन्मला खुराड्यातल्या विष्ठेत, पण दिल्लीच्या दप्तरात तो रस्ते-इमारतींच्या ठेकेदाराचा सोबती!

ठेकेदाराला त्याची फारशी झळ नाही. तो जीएसटीत नोंदलेला असतो. भरलेला कर पुढच्या बिलात वळता करून घेतो. शेतकरी जीएसटीच्या बाहेर, त्याला वळते करायला बिलच नाही. करासकट २० लाखांच्या यंत्रात सुमारे ३ लाख ५ हजार रुपये नुसता कर आहे. तोच ५ टक्के असता तर यंत्र सुमारे २ लाख २० हजारांनी स्वस्त पडले असते. एकच यंत्र, एकच किंमत. पण ठेकेदाराला स्वस्त आणि शेतकऱ्याला महाग. ही उलटी पट्टी आपल्याला नवी नाही.

यावर अनुदान द्या अशी मागणी आम्ही करणार नाही. अनुदान आले की यादी आली, यादी आली की पुढारी आला, आणि पुष्कळदा विक्रेत्याचा भावही अनुदानाएवढा वर सरकतो. आमची मागणी साधी आहे: शेतकऱ्याने किंवा शेतकऱ्यांच्या कंपनीने गोठ्यासाठी, पोल्ट्रीसाठी लोडर घेतला तर त्याला ट्रॅक्टरएवढाच कर लावा. खिशात घालू नका, खिशातून काढूही नका.

कोणी म्हणेल, यंत्र आले की शेण काढणाऱ्या मजूर बायांचे काम जाईल. प्रश्न खरा आहे, झटकून टाकण्यासारखा नाही. पण उत्तर पाटी तशीच डोक्यावर ठेवणे हे नव्हे. भागीदारीतले यंत्र चालवायला, धुवायला, त्याची नोंद ठेवायला माणूस लागतो. ते शिक्षण आणि ती मजुरी आधी त्याच घरांतल्या पोरापोरींना मिळाली पाहिजे, असा ठराव जिल्हा बैठकीने करावा असे आम्ही सुचवतो.

भाऊंना आणि वहिनींना उत्तर

त्या भाऊंनी एका शब्दात उत्तर मागितले होते. हिशेब मांडल्यावर आता ते देता येते. तो शब्द आहे: हातगाडी.

दोन चाकांची चांगली हातगाडी गावचा वेल्डर काही हजारांत करून देतो. गोठ्याच्या कोब्याला उतार, शेणाच्या खड्ड्यापर्यंत सपाट वाट आणि रबराची पट्टी लावलेले खरवडणे, एवढे झाले की रोजच्या ३०० किलोंचा भार वहिनींच्या डोक्यावरून खाली येतो. त्याला बँक लागत नाही, डीलर लागत नाही. हे या आठवड्यात करा. पुढच्या हंगामाला ट्रॅक्टर त्या लायकीचा असेल तर लोडर जोडा. त्या काळात रोज किती तास काम निघते ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर वहिनींच्या हाताने लिहून ठेवा. वर्षाने शेजारच्या तीन गोठ्यांची कॅलेंडरे शेजारी ठेवून बेरीज करा. बेरीज सहाशेच्या पुढे गेली तर चौघांनी मिळून डीलरला आपणच बोलवा. तेव्हा तो आपल्या दारात बसलेला नसेल, आपल्या अटींवर आलेला असेल.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने असा एक तरी हिशेब, आपल्या गावच्या आकड्यांनी मांडून, सोबत आणावा. आणि तो मांडायला घरची लक्ष्मीही बरोबर यावी. पाटी तिच्या डोक्यावर आहे. तासांची खरी मोजणी तिलाच ठाऊक आहे.